देवीडॉक्टर तात्या मोकाशी आणि त्यांचा उजवा हात

श्री. सदाशिवराव मोकाशी यांना यंदा साठ वर्षे पुरी होत आहेत. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांना सारे देवीडॉक्टर तात्या म्हणून ओळखतात. मित्रमंडळींनी त्यानिमित्त हे पुस्तक काढायचे ठरवले आणि तात्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस म्हणून मला लिहायला सांगितले. मी परवानगी घ्यायला त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. हल्ली त्यांचा आवाज फार खोल गेला आहे, आपला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. ते म्हणाले, “वस्तीवरची हकीकत लिहिणार असशील तर लिही. ती गाळून माझी स्तुती करणार असशील तर नको.”

म्हणून ती लिहितो. तिच्यात माझाही दोष आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तात्यांची माझी पहिली गाठ बारामती स्टेशनावर पडली. कायदेभंगाच्या गडबडीचे दिवस होते. सरकारी माणूस म्हटला की लोक बिचकत, काही ठिकाणी पाणीही विचारत नसत. मी सणसरचा, मराठी सातवी झालेला, आणि देवी टोचणाऱ्यांचा मदतनीस म्हणून नुकताच लागलेला. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीतून तात्या उतरले. अंगात बंद गळ्याचा कोट होता आणि काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पेटी. मी नमस्कार करून पेटी घ्यायला पुढे झालो. त्यांनी ती दिली नाही. आधी विचारले, “जेवलास का?” मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली बसवून स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला लावली आणि ते पेटी मांडीवर घेऊन सावलीत बसून राहिले. “ह्यात लस आहे. तिला ऊन सोसत नाही,” एवढेच म्हणाले. तिथून आम्ही पिंपळीला चालत निघालो. मी विशीतला आणि ते पन्नाशीच्या घरातले, पण त्यांना गाठायला मला वाटेत दोनदा पळावे लागले.

देवी टोचणे हे काम काही मोठे नव्हे. लस लावायची, दंडावर चार बारीक ओरखडे काढायचे आणि आठव्या दिवशी येऊन फोड उठला की नाही ते पाहायचे. अवघड असे ते आईच्या हातून मूल घेणे. आम्ही आलो की बायका पोरे घेऊन उसात शिरत. तात्या त्यांच्या मागे कधी गेले नाहीत. ते चावडीच्या पायरीवर बसत, येईल त्याच्याशी पाण्यापावसाचे बोलत, आणि अर्ध्या दिवसाने कोणी धीट बाई आली की आधी मुलाचे नाव विचारत. नाव विचारून, ते एकदा मोठ्याने उच्चारल्याशिवाय त्यांनी एकाही मुलाला हात लावल्याचे मला आठवत नाही.

मोरगावच्या बाजूला एकदा शेळ्या राखणारी एक बाई पदराखाली मूल झाकून उभी राहिली. “देवी कोपंल, सायेब. म्या न्हाय द्यायची पोर.”

तात्या म्हणाले, “देवीला मीही हात जोडतो, बाई. ती यायचीच असली तर तिला बसायला जागा करून ठेवू. एवढीशी जागा, दंडावर. तिथं बसली की अंगभर फिरायची नाही.”

 बाईने पदर बाजूला केला.

माणूस म्हणून ते कसे होते, याबद्दल एकच सांगतो. माझे वडील गेले तेव्हा माझेही काम ओढत तात्यांनी सारी गावे एकट्याने पायी केली. मी परत आलो तर त्यांच्या टाचा फुटून रक्त आलेले होते. मला त्याबद्दल ते बोलले नाहीत. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी राधाबाईंनी, नंतर सांगितले.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात मला त्यांचा हात प्रथम दिसला. आम्ही एका देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांचा उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता आणि अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरत होता, चिमटीत काही वळत असावेत तसा. मी पाहतो आहे हे कळताच त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला. पुढे पुढे त्यांचे अक्षर बारीक होत गेले, इतके की ओळीच्या शेवटी ते मुंगीएवढे राही. स्पिरिटचा दिवा मी लावू लागलो. त्यांनी तो लावू दिला. दोघांपैकी कोणीच त्यावर बोलले नाही. एक गोष्ट आम्हांला फसवत होती. हात मोकळा असला की थरथरे, पण कामाला लावला की थांबे. मुलाचा दंड हातात आला की तात्या पूर्वीचे तात्या होत. त्यामुळे त्यांनीही मनाची समजूत घातली होती आणि मीही.

मग ती वस्ती आली. इंदापूर तालुक्यातली आठ-दहा घरांची वस्ती आहे. तिचे नाव लिहीत नाही. यशवंतराव नावाचे शेतकरी तिथले जरा पुढारी. त्यांनीच सगळ्यांना समजावून गोळा केले होते आणि विश्वास बसावा म्हणून आपली आठ महिन्यांची मुलगी सगळ्यांत आधी पुढे केली. तात्यांनी नाव विचारले. “सोना,” तिची आई म्हणाली. “सोना,” तात्या म्हणाले आणि त्यांनी दंड धरला.

हात मध्येच थांबला. हत्यार दंडाला लागलेले आणि हात जागच्या जागी थिजलेला. मी पाहत होतो. तात्यांनी तो सोडवायला जोर केला असावा. हात एकदम सुटला आणि बोटभर लांब जखम झाली. सोना किंचाळली. तिच्या आईने तिला ओढून घेतले. रक्त तिच्या पातळावर पसरले.

तात्यांनी जखम धुतली, बांधली.  पुढे दंड सुजला, पू झाला, पोर दहा दिवस तापाने फणफणली. आम्ही जवळच्या गावात मुक्काम ठेवून रोज तिला पाहायला जात होतो. यशवंतराव दारात उभे राहत, आत घेत, पण बोलत नसत. अकराव्या दिवशी ताप उतरला. पोर वाचली, पण वस्तीवर दुसरे एकही मूल आम्हांला मिळाले नाही. आसपासच्या गावांतही बातमी आमच्या आधी पोहोचू लागली. “देवीडॉक्टराचा हात कापतोय,” असे लोक म्हणत, आणि त्यात काय खोटे होते?

शिमग्याच्या सुमारास त्या भागात देवीची साथ आली. त्या वस्तीवरची दोन मुले गेली. दोघेही त्या दिवशी आपापल्या आयांच्या कडेवर बसून रांगेत होते. त्यांची नावे तात्यांना पाठ आहेत. मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसे हे वाचतील किंवा कोणाकडून ऐकतील.

बातमी कळली त्या दिवशी मी तात्यांना म्हणालो, “तात्या, तुमचा हात मला दोन वर्षं दिसत होता. मी बोललो नाही.”

ते म्हणाले, “मला त्याच्याही आधीपासून दिसत होता, शंकर.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिले. हात कधीपासून थरथरतो, आपण तो कसा लपवला आणि वस्तीवर काय घडले, सगळे त्यात होते. कोणी विचारले नव्हते. सोनाच्या घरच्यांनीही तक्रार केली नव्हती. पत्र त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात होते. ते वाचता येईना म्हणून मला त्याची नक्कल करावी लागली. त्या कामाइतके जड काम मी पुन्हा केलेले नाही. मुदतीआधी तात्या घरी बसले आणि त्यांच्या गावांत मी टोचू लागलो.

बारामतीतल्या एका डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिले, हात वाकवून पाहिले, लिहायला लावले. म्हणाले, “हा कंपवात. हा बरा होत नाही, हळूहळू वाढतो. गोळ्या देतो, त्यांनी थरथर थोडी कमी होईल, तोंड मात्र कोरडं पडेल. खरं औषध एकच. बसून राहू नका. चालत राहा आणि माणसांत राहा.”

तात्या घरी आले आणि बसून राहिले. वर्ष-दीड वर्ष ते घराबाहेर पडले नाहीत. कोटाची बटणे लागेनात म्हणून कोट सुटला. घास तोंडापर्यंत जाताना सांडू लागला म्हणून चारचौघांत जेवणे सुटले. चेहरा तर असा झाला की त्यावर राग नाही, हसू नाही, काहीच उमटेना. भेटायला आलेल्यांना वाटे, तात्यांना आपले येणे आवडलेले नाही. एकेक जण यायचा थांबला. खरे सांगायचे तर मीही पंधरा-पंधरा दिवस जात नसे. त्या घरात बसले की वस्ती आठवे.

एकदा मी गेलो तेव्हा काकू माजघरात तांदूळ निवडत होत्या. तात्या तिथेच बाजेवर होते. काकू त्यांच्यादेखत मला म्हणाल्या, “मी दिवसभर बोलते रे, शंकर. समोरून काही येत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मग मनात येतं, भिंत बरी, तिची काळजी तरी नसते.” असे बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

 मग तात्या हळूच म्हणाले, “मी हसतो गं आत. ते बाहेर येत नाही.”

काकूंनी सूप खाली ठेवले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी उठून बाहेर आलो. त्या दिवसापासून काकूंनी एक रीत पाडली. तात्यांच्या तोंडाकडे पाहून अंदाज करायचा नाही, सरळ विचारायचे. “बरं वाटलं का?” “राग आला का?” तेही उत्तर देत. घरात दोन शब्द पुन्हा ऐकू येऊ लागले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एके सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. मी त्या दिवशी तिथेच होतो. गाडीतून यशवंतराव उतरले. कडेवर अडीच वर्षांची सोना. तात्यांनी तिला पाहिले आणि त्यांचा उजवा हात जोराने कापू लागला.

यशवंतराव ओसरीवर बसले. म्हणाले, “तात्या, माझी पोर ऱ्हायली. शेजारच्या दोन घरातली गेली, आन् ही त्यांच्यासंगं खेळत हुती तरी हिला एक फोड आला न्हाय. तुमी टोचलं हुतं म्हणून ऱ्हायली. आवंदा पुन्यांदा टोचायचं हाय, पर ह्यो शंकर आला की मानसं दारं लावत्यात. तुमी चला.”

“मी कोणत्या तोंडानं येऊ?” तात्या म्हणाले.

“हाय त्याच तोंडानं. म्या पोरीचा दंड दावतो, तुमी हात दावा. लपवायचं न्हाय कायबी.”

 तात्यांनी काकूंना कोट मागितला. काकूंनी बटणे लावून दिली. ते उठले, निघाले आणि दारात आल्यावर त्यांचे पाय जमिनीला चिकटले. हे त्यांचे नेहमीचे झाले होते. मोकळ्या जागेत कसेबसे चालत, पण अरुंद दारात आले की पाऊल उचलत नसे. आम्ही ओढायला गेलो की तोल जाई. यशवंतरावांना हे ठाऊक नव्हते. तात्या पडताहेत असे वाटून ते दोन्ही हातांनी धरायला धावले, आणि त्यांच्या हातातली बैल हाकायची काठी निसटून तात्यांच्या पायांपुढे आडवी पडली.

तात्यांनी काठीकडे पाहिले. पाय उचलला आणि काठी ओलांडली.

 काकू म्हणाल्या, “अहो, ती काठी पुन्हा ठेवा पुढं.”

यशवंतरावांनी काठी उचलून पुन्हा आडवी ठेवली. तात्यांनी ती पुन्हा ओलांडली. अशा रीतीने काठी उचलत, ठेवत आम्ही त्यांना गाडीपर्यंत नेले. सोनाला तो खेळ वाटला, ती हसत होती. हे डॉक्टरांना मी नंतर सांगितले. त्यांनाही ते नवीन होते. असे का होते ते त्यांना सांगता आले नाही.

वस्तीवर झाडाखाली बाज टाकून तात्यांना बसवले. माणसे लांब उभी राहिली. यशवंतरावांनी सोनाचा दंड उघडा केला, त्यावर तो लांब व्रण होता. तात्यांनी उजवा हात पुढे केला, थरथरता, सगळ्यांना दिसेल असा. त्यांचा आवाज पोहोचत नव्हता म्हणून एकेक वाक्य मी मोठ्याने पुन्हा म्हणत होतो. “हा हात मी लपवला. लपवला म्हणून ह्या पोरीला लागलं. ह्या हातानं मी कुणालाही टोचणार नाही. शंकरचा हात नीट आहे, तो टोचेल. लस खरी आहे. माझा हात खोटा होता.” 

गेलेल्या मुलांपैकी एकाची आई पुढे आली. तिच्या कडेवर तान्हे मूल होते. ती तात्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, “आता आलायसा व्हय?”

तात्यांनी हात जोडले.  त्यांनी सबब सांगितली नाही, क्षमा करा असेही म्हणाले नाहीत. ती वळून निघून गेली.

त्या दिवशी वस्तीवरची पाच मुले मला टोचायला मिळाली. आठव्या दिवशी फोड पाहायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ती बाई आपले तान्हे घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. तात्यांकडे तिने पाहिले नाही. ती त्यांच्याशी आजतागायत बोललेली नाही, आणि तिने बोलावे असे तात्यांनीही कधी म्हटलेले नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तात्या माझ्याबरोबर गाडीतून गावोगाव आले. प्रत्येक गावात त्यांनी आधी हात दाखवला आणि तीच हकीकत सांगितली. मी एकदा म्हणालो, “तात्या, ह्या गावाला वस्तीची गोष्ट ठाऊकही नाही, कशाला सांगता?” ते म्हणाले, “हात ह्यांनाही दिसतो आहे.”

घरीही ते आता बसून राहत नाहीत. सकाळी काकू अंगणात रांगोळीच्या आडव्या रेघा ओढतात, दारापासून फाटकापर्यंत, एकेका पावलाच्या अंतराने. त्या ओलांडत तात्या बाहेर पडतात. शेजारचे दोघे-तिघे त्यांच्याबरोबर कालव्याच्या कडेने चालायला जातात. त्यांनी आपसांत ठरवले आहे की तात्यांचे वाक्य कितीही रेंगाळले तरी ते दुसऱ्याने पुरे करायचे नाही. दुपारी तात्या वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. मोठ्याने म्हणजे शेजारच्या माणसाला ऐकू येईल इतके. मग वाती वळतात. “हात वळतोच आहे, वाती तरी होऊ देत,” असे एकदा म्हणाले. वाती वेड्यावाकड्या होतात. काकू त्याच देवापुढे लावतात.

इतके लिहिल्यावर, आता तात्यांना उतार पडतो आहे असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते. तसे नाही. थरथर आता डाव्या हातातही आली आहे. गेल्या वर्षात ते दोनदा पडले. पाणी पिताना ठसका लागतो, तेव्हा काकूंचा जीव वर-खाली होतो. यंदाच्या हिवाळ्यात चारच गावे झाली, पाचव्या गावाच्या वाटेवर गाडीचे हिसके सोसेनात म्हणून आम्ही मागे फिरलो.  परतताना मी काकूंसारखे विचारले, “वाईट वाटतंय का, तात्या?” ते म्हणाले, “हो.”

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मला लेखणी पुढे नेववेना. या दुखण्यात आयुष्य वाढणे म्हणजे काय, हे मी त्या घरात जवळून पाहतो आहे. म्हणून काल पुन्हा तात्यांकडे गेलो आणि सरळ विचारले, “तात्या, तुमच्यासाठी देवाजवळ काय मागू? पुष्कळ वर्षं मागू का?”

काकू त्यांना पेज भरवत होत्या. त्यांचा हात आता तात्यांच्या तोंडाशी आपोआप जातो, पाहावेही लागत नाही. तात्यांनी घास गिळला. त्याला वेळ लागला. मग म्हणाले, “माग. पण आधी हिच्यासाठी माग.”

काकू म्हणाल्या, “काहीतरीच.” आणि पुढचा घास हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

तर आधी राधाकाकूंना उदंड आयुष्य मिळो, त्यांच्या कमरेला बळ राहो आणि त्यांना अधूनमधून दोन दिवस माहेरी जाऊन नुसते झोपता येवो. ते दोन दिवस तात्यांना कालव्यावर नेणारी, त्यांच्या वाक्यासाठी थांबणारी आणि त्यांना घास भरवणारी माणसे आमच्यापैकी कोणी ना कोणी होवोत. आणि हे सारे जुळले, तर आमच्या तात्यांना देवाने शंभर वर्षे द्यावीत. आम्ही ती त्यांना एकट्याने काढू देणार नाही.